नियम मी शिकवत होतो

आज सकाळी इथे ऑकलंडजवळच्या टाकानिनीत मुली विरुद्ध पालक अशी बास्केटबॉल मॅच होती. आमच्यात एक जण कमी पडला, म्हणून लेकीच्या मैत्रिणीची आजी, साठीच्या सुलभाकाकू, जँडल्स, म्हणजे इथल्या स्लिपर, काढून अनवाणीच उतरल्या.

पहिलाच बॉल त्यांनी लांबून, रिंगला न लागता आत टाकला. मग आणखी सात. माझी लेक ओरडली, "बाबा, शी इज हीप्स बेटर दॅन यू!"

काकू नागपूरला कॉलेज टीमच्या कॅप्टन होत्या, हे मॅचनंतर कळलं. मी मात्र वर्षभर दर शनिवारी मुलींच्या मॅचला शेजारी बसून त्यांना नियम समजावतोय.

"काकू, बोलला का नाहीत?"

"अरे, चुकीचे सांगत होतास, पण किती मनापासून!"

तुम्ही सध्या कुणाला काय शिकवताय?