देवाचा हुकूम आणि सुकरीबाई

कोसमटोल्याची सुकरीबाई येशूला मानायला लागली त्याला वीसेक वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिला माणसांची भीती पुष्कळदा वाटली, पण देवाची कधी वाटली नव्हती. ती वाटली यंदा, मोहफुलं गळायच्या दिवसांत, एका रविवारच्या प्रार्थनेला.

कोसमटोला म्हणजे धानोऱ्याच्या पुढं जंगलात वसलेलं गोंडांचं गाव. गावात विश्वासी लोकांची घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. त्यांनी टिनाचं छप्पर टाकून, कुडाच्या भिंती लिंपून एक प्रार्थनाघर उभं केलं होतं. दर रविवारी वैनगंगेपलीकडून, सावलीहून, प्रफुल नावाचा तरुण पास्टर मोटरसायकलनं यायचा. पोरगा गोड गळ्याचा आणि कळकळीचा. म्हाताऱ्यांना हाताला धरून बसवायचा.

त्या रविवारी प्रफुलनं शास्त्राच्या जुन्या भागातली यहोशवाची गोष्ट काढली. देवाच्या लोकांनी शहराला वेढा कसा दिला, रणशिंगं फुंकल्यावर तट कसा कोसळला, हे तो रंगून सांगत होता. बायका टाळ्या वाजवत होत्या. मग त्यानं पुढचं वाचलं. तट पडल्यावर आत जे जे जिवंत होतं, बाया, बुढे, लेकरं, बैल, मेंढरं, सगळं तलवारीखाली गेलं. देवाचा तसाच हुकूम होता.

सुकरीबाईनं मधेच विचारलं, “पास्टर, लेकरंबी?”

“लेकरंबी, बाई. देवाचा हुकूम होता.”

बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हटलं. सुकरीबाईचे ओठ हलले, पण शब्द काही बाहेर आला नाही.

तिला तो ‘हुकूम’ शब्द सोसवला नाही, त्याला कारण होतं. तिच्या नवऱ्याला जंगलातले बंदूकवाले घेऊन गेले होते, तेव्हा त्यांच्याकडंही हुकूमच होता. दिवस मावळायच्या वक्ताला ते आले. हा पोलिसांचा खबऱ्या आहे, जनतेनं याला शिक्षा दिली आहे, असं त्यांनी अंगणात उभं राहून सांगितलं. त्या बिचाऱ्यानं केलं होतं काय, तर गस्तीवर आलेल्या पोलिसांना प्यायला पाणी दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो रस्त्याच्या कडेला सापडला.

त्यानंतर सुकरीबाईच्या डोक्यात सुडाशिवाय काही राहिलं नाही. खाणं सुटलं, अंगात ताप मुरला. धाकटी बहीण धुरपता तिला बैलगाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं रंजीता नावाची नर्स होती. ती तिला पेज भरवायची आणि भरवता भरवता येशूच्या गोष्टी सांगायची. बाकी सगळ्या गोष्टी सुकरीबाईच्या कानावरून गेल्या. एक मात्र रुतून बसली. येशूला धरायला शिपाई आले, तेव्हा त्याच्या साथीदारानं तलवार उपसून एकाचा कान उडवला. येशूनं साथीदाराला तलवार म्यानात घालायला लावली आणि धरायला आलेल्या त्या माणसाचा कान हात लावून बरा केला.

“धरायले आलेल्याचा कान जोडला?” सुकरीबाईनं तीनतीनदा विचारून घेतलं. मग ती भिंतीकडं तोंड करून खूप रडली. गावी परतली ती येशूची होऊनच.

तिचा थोरला भाऊ भैयाजी गावाचा गायता, म्हणजे देवाची पूजा करणारा. पेनठान्याची, गावदेवाच्या झाडीची राखण त्याच्याकडं. बहिणीनं देव सोडला म्हणून त्यानं तिच्या घरचं पाणी सोडलं. पण तिच्या वाटेत तो कधी आला नाही, आणि तिनंही त्याच्या देवाला कधी उणा शब्द लावला नाही. पुढं धुरपता साप चावून गेली. तिचं लेकरू गोपाल सुकरीबाईनं वाढवलं. तो तिला मोठी माय म्हणायचा. आता तो चांगला बाविशीचा झाला होता आणि प्रफुलच्या शब्दाबाहेर नव्हता.

प्रार्थना सुटल्यावर सुकरीबाईनं प्रफुलला दारातच गाठलं.

“पास्टर, ज्यानं कान जोडला तोच हा देव?”

“तोच, बाई. ते लोक पापी होते.”

“लेकरानं काय पाप केलं असन?”

प्रफुल अवघडला. गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, “देवाच्या कामावर शंका नाई घ्यावं, बाई. विश्वास ठेवा.”

पुढच्या रविवारी त्यानं गिदोनाची गोष्ट घेतली. देवाच्या सांगण्यावरून ज्यानं आपल्याच बापाच्या घरची मूर्ती आणि वेदी मोडली, तो गिदोन. गोपाल पुढच्या रांगेत बसून डोळ्यांची पापणी न लववता ऐकत होता. सुकरीबाईचं लक्ष गोष्टीत नव्हतं, त्याच्या तोंडाकडं होतं.

आणि व्हायचं तेच झालं. दोन दिवसांनी मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया ओरडत गावात आल्या. पेनठान्यातले मातीचे घोडे कुणीतरी फोडून टाकले होते. नवसाचे, पिढ्यान्पिढ्यांचे घोडे. कुणाच्या आज्यानं ठेवलेले, कुणाच्या पोरासाठी मागच्या साली मांडलेले. नुसत्या खापऱ्या उरल्या होत्या. ढोल वाजला, गाव गोटुलापुढं, गावाच्या बैठकघरापुढं, जमायला लागलं. दुपारी बैठक ठरली. कुणी केलं हे ठाऊक नव्हतं, पण कुणावर जायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. विश्वासी घरातली पिंकी विहिरीवरून रिकामी गुंडी घेऊन परत आली. तिला दोरच धरू दिला नव्हता.

सुकरीबाईनं गोपालला घरामागं गाठलं. तो लपला नव्हता. उलट ताठ उभा होता.

“तू केलं?”

“देवाचं काम केलं, मोठी माय. गिदोनानं केलं तसं.”

सुकरीबाई तिथंच जात्याच्या दगडावर बसली. तिला वाटलं होतं, पोरगा नाही म्हणेल. खोटं बोलला असता तर तिला रागावता आलं असतं. पण त्याच्या तोंडावर तिनं वीस वर्षांपूर्वी पाहिलेलं काहीतरी होतं. अंगणात उभं राहून शिक्षा सांगणारा बंदूकवाल्यांचा मुखियाही असाच दिसत होता, शांत, खातरी असलेला.

“माह्या नवऱ्याले नेलं ना, बाबू, त्यायलेबी अशीच खातरी होती,” ती म्हणाली. “हात थरथरून नव्हते राह्यले त्यायचे.”

गोपालचा चेहरा उतरला.

प्रफुलला कुणीतरी फोन लावला होता. तो धावतपळत आला. तोवर विश्वासी घरातली गडीमाणसं प्रार्थनाघरात जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. काठ्या, कुऱ्हाडी, एकाजवळ भाला. गोटुलाकडून ‘सेवा सेवा’चा गजर ऐकू येत होता. तिकडची पोरंही देवाचंच नाव घेऊन कुऱ्हाडी पाजळत होती. सुकरीबाई दोन्हीच्या मधल्या वाटेवर क्षणभर थांबली. इकडून देवाचं नाव, तिकडून देवाचं नाव. कान झाकून घ्यावेत असं तिला झालं.

ती प्रार्थनाघरात शिरली. “कुऱ्हाडी बाहीर ठेवा.”

“ते जाळाले आले तर?” एकानं विचारलं. “शास्त्रातल्या दावीदानं नाई मारला दुश्मनाले गोटा?”

“दावीदाले आपन नाई बापा मानलं. ज्याले मानलं, त्यानं काय केलं ते सांगा.”

कुणी हललं नाही. सगळे प्रफुलकडं पाहायला लागले. त्याला असं काही होईल असं वाटलंच नव्हतं. सावलीच्या घरात बसून तयार केलेला उपदेश इथं येऊन कुऱ्हाड झाला होता.

“मी घोडे फोडा म्हनून नव्हतं सांगतलं, बाई.”

“नव्हतं सांगतलं. पन पोरानं तेच ऐकलं.”

“मग शास्त्रात लिहून आहे ते मी खोडू कसा?” प्रफुलचा आवाज फाटला. “पास्टरकीच्या कॉलेजातबी विचारलं होतं मी हे. तिथी सांगतलं, देवाचे मार्ग आपल्याले कळत नाई. मलेबी झोप नाई लागली होती, बाई. मंग मी विचारनंच सोडलं.”

सुकरीबाईला पहिल्यांदाच त्याची कीव आली. तो तिच्या गोपालपेक्षा फार मोठा नव्हता.

“खोडू नोको, पास्टर. मलेबी नाई समजत. ते काऊन लिहून आहे, मेल्यावर त्यालेच विचारीन. पन जे समजत नाई ते कुऱ्हाड घेऊन कसं करावं? जे समजलं तेवढंच करू. तलवार ठेव म्हनला, ते तं मले दवाखान्यातच समजलं.”

मग ती गोपालकडं वळली. “मी बैठकीत जातो. हात आपल्या घरचा होता, येवढं सांगतो. नाव तुह्यं तू सांग, नाईतं नोको सांगू. मी वढून नाई नेत तुले.”

आणि ती निघाली. मागं वळून पाहायचं नाही असं ठरवूनही तिनं दोनदा पाहिलं. वाट रिकामी होती.

गोटुलापुढं सारं गाव बसलं होतं. भैयाजी मधोमध, पंच्याचं टोक हातात चुरगाळत. त्याच्यापुढं एका टोपलीत खापऱ्या आणून ठेवल्या होत्या. सुकरीबाई बायकांच्या बाजूला न जाता थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

“दादा, माह्या घरच्या हातानं झालं हे.”

गलका उठला. भैयाजीनं हात वर केला. “कोन्या हातानं?”

पोरं उठून उभी राहिली. कुणी म्हणालं, प्रार्थनाघर जाळा. कुणी म्हणालं, गावाबाहेर काढा. नाव सांगावं तर पोर जातं, न सांगावं तर सगळी घरं जातात, अशा कात्रीत ती उभी होती. तिनं मनातल्या मनात येशूचा धावा केला, पण काय मागावं हेच तिला सुचेना.

तेवढ्यात मागून आवाज आला. “माह्या हातानं, मामा.”

गोपाल आला होता. त्याच्या मागं प्रफुल, दोघांचेही हात रिकामे. पुढं काय झालं ते सुकरीबाईला नीट आठवत नाही. एक काठी उठली, ती मधे गेली आणि तिच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. दुसरी काठी उठली तेव्हा भैयाजी ओरडला. एवढ्या मोठ्यानं त्याला ओरडताना गावानं कधी ऐकलं नव्हतं.

“माह्या बहिनीले मारता? हा देव माहा आहे का तुमचा? त्यानं मले नाई सांगतलं मार म्हनून!”

काठ्या खाली आल्या. कुणीतरी पाणी आणलं. भैयाजी भाच्याकडं वळला. मग विचारलं, “तुह्या मायचा घोडा होता त्यात. तुह्या जन्माच्या वक्ताले मांडलेला. माहीत होतं?”

गोपालला माहीत नव्हतं. तो मट्‌कन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

फोडले तेवढे घोडे कुंभाराकडून घडवून गोपालनं परत आणून द्यावेत, असं गावानं ठरवलं. बैठक उठली, पण सुकरीबाईचा घोर नाही उठला. आता आपल्याच माणसांत भांडण लागलं. विश्वासी माणसानं गावदेवाला घोडे वाहायचे? ही मूर्तिपूजा नाही तर काय?

“जे मोडलं ते भरून द्यावं लागते,” हात गळ्यात बांधलेली सुकरीबाई म्हणाली. “त्यात पाप असन तं माह्या नावावर.”

हे तिनं म्हटलं खरं, पण रोज प्रार्थनेला बसली की पाप आहे की नाही, हा प्रश्न तिच्या छातीवर बसायचा. उत्तर मिळालं असं तिला कधीच वाटलं नाही. घोडे भाजून तयार झाले, तेव्हा ती गोपालबरोबर कुंभाराच्या गावी गेली. मोडक्या हातानं टोपलीला आधार देत ती पेनठान्याच्या कडेपर्यंत चालत आली. आत गेली नाही, हात जोडले नाहीत. भैयाजी पुढं आला आणि त्यानं एकेक घोडा तिच्याकडून घेतला.

विश्वासी घरांपैकी दोन त्यानंतर प्रार्थनेला यायची बंद झाली. सुकरीबाई जुन्या देवाकडं मागं फिरली, असं ती माणसं सांगत सुटली. विहीर मोकळी झाली, पण काठी उचलणारी पोरं अजून वाटेत तिला पाहून तोंड फिरवतात. प्रफुल येतो. परवा उपदेशात जुन्या लढाईचा भाग आला, तेव्हा त्यानं पुस्तकावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “इथी मले समजत नाई. मी शिकून राह्यलो.” काहींना ते आवडलं नाही. सुकरीबाईला मात्र त्या दिवशी ‘आमेन’ म्हणता आलं.

गोपाल मिरच्या तोडायला तेलंगणात गेला. त्याचा फोन आला की ती आधी जेवला का विचारते आणि मग, कुणाचा उपदेश ऐकतो, हे विचारते. पावसाच्या आधी एका सकाळी भैयाजी तिच्या अंगणात येऊन बसला. तिनं भीतभीत आंबिलीची वाटी पुढं केली. त्यानं ती हातात धरली, बराच वेळ तशीच धरून ठेवली, आणि मग प्याला.

“हात दुखते?” त्यानं विचारलं.

“हवा सुटली की दुखते,” ती म्हणाली.