मचूळ पाण्याचा नकाशा

दामूनाना प्रत्येक विहिरीचं पाणी घोटभर तोंडात घ्यायचे, डोळे मिटून जिभेवर फिरवायचे, बाजूला थुंकायचे आणि वहीत लिहायचे: गोड, मचूळ किंवा खारं. पाणी तपासायचं यंत्र आमच्याकडे होतं, पण नानांचा घोट झाल्याशिवाय ते पेटीतून बाहेर निघत नसे.

नाना आमच्या भूगोल विभागात नकाशे काढायचे. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॉलेजात मी नुकतीच शिकवायला लागले होते. नाना दिंडोरीहून रोज एसटीने यायचे. घरी द्राक्षबाग होती आणि तिच्या गोष्टी सांगत सांगत त्यांचा हात कागदावर चालायचा. अशात कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावाचं काम आलं. समुद्र चढत गेला तर पाणी कुठवर येईल, कुठल्या विहिरी नासतील, याचा नकाशा करायचा होता. उपग्रहाच्या चित्रावरून मी नाशकात बसूनच रेषा मारली. नाना म्हणाले, "बाई, रेघ लय भारी हाय. पन तिथल्या मान्साला इचारलं का?"

म्हणून आम्ही गेलो. बावन्नाव्या वर्षी नानांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. बराच वेळ ते नुसते हसत उभे होते. मग विहिरी सुरू झाल्या. तिसऱ्या विहिरीवर मासळी विकणाऱ्या एका आजींनी त्यांना हटकलं. "काय रे, पाणी पितोस की चूळ भरतोस?"

"आजी, चव बघतोय. मचूळ लागतंय."

"मग मला विचारायचं की. माझ्या लग्नात हे पाणी गोड होतं."

नानांनी तिथेच बैठक मारली. आजींनी एकेका विहिरीचं पाणी कधी बदललं ते सांगितलं, उधाणाचं पाणी कुठल्या दगडाला लागतं ते नेऊन दाखवलं. चार दिवस त्या पुढे आणि नाना चुन्याची पिशवी घेऊन मागे. पाहता पाहता गावातून एक पांढरी रेघ उमटली. ती माझ्या रेषेच्या बरीच आत होती. आणि गावाच्या नव्या शाळेची जागा त्या रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला येत होती.

सरपंचांना ते रुचलं नाही. ग्रामसभेत ते म्हणाले, "कागदोपत्री जागा सुरक्षित आहे. नाशिकच्या माणसाला समुद्रातलं काय कळतं?"

"कायच नाय," नाना म्हणाले. त्यांनी ती रेघ पेन्सिलीने उतरवलेला नकाशा जमिनीवर पसरला, रबर काढून आजींच्या हातात दिला आणि बायकांकडे वळले. "माझं चुकलं आसंल तर खोडा."

बायका नकाशाभोवती बसल्या. वाद झाले, हसणं झालं. एकीने आपलं घर शोधून त्यावर बोट ठेवलं ते काढीचना. शेवटी आजींनी रेघ खोडली. सरपंच जरा सैलावले. पण आजींनी नवी रेघ आणखी दोन बोटं आत ओढली आणि म्हणाल्या, "सरपंचा, तुझ्या बापाची होडी उधाणात इथल्या फणसाला बांधली होती की नाही, सांग."

सरपंचांनी वाकून त्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाले, "बांधली होती. मी लहान होतो, पण आठवतंय." शाळा वरच्या सड्यावर, उंचावरच्या कातळमाळावर न्यायचं ठरलं. परतीच्या वाटेवर मी ओशाळून म्हटलं, "नाना, माझी रेषा चुकलीच." ते म्हणाले, "चुकली न्हाई बाई, आर्धी व्हती. उरल्याली आर्धी लोकांकडं व्हती."

पुढे काही वर्षांनी, नाना निवृत्त झाल्यावर, सरपंचांचं पत्र आलं. भाद्रपदातल्या उधाणात ती जुनी जागा कमरेइतक्या पाण्याखाली गेली होती. पत्र घेऊन मी दिंडोरीला गेले. नाना बागेत छाटणी करत होते. मी वाचत असताना त्यांनी मधेच थांबवलं.

"पोरं कुठं व्हती?"

"वरच्या शाळेत. खिडकीत गर्दी करून पाणी बघत होती, असं लिहिलंय."

नानांनी कात्री खाली ठेवली. "ते पुन्हा वाचा," म्हणाले, आणि ऐकायला बांधावर मांडी घालून बसले.