गिरणीतली लाजाळू

"अक्कल नसलेली माणसं पैशाला पासरी भेटतात, बिनडोक झाड मात्र मी अजून पाहिलेलं नाही," असं पिठाच्या गिरणीवाले काका छातीठोकपणे सांगत. पुरावा म्हणून ते फळीवरची लाजाळूची कुंडी दाखवत. लाजाळू नवी होती तेव्हा गिरणी सुरू झाली की फळी थरथरे आणि ती धास्तावून पानं मिटून घेई. काही दिवसांत तिने ओळखलं, की हा नुसता गडगडाट आहे, जिवाला धोका नाही. मग ती खुशाल पानं पसरून बसू लागली.

आज एका गिऱ्हाइकाला ते हेच ऐकवत असताना काकू मागच्या घराच्या दारातून ओरडल्या, "अक्कल कसली! तुमच्यासारखीच निगरगट्ट झालीय ती! कधीची जेवायला हाका मारतेय!"

काका ढिम्म हलले नाहीत. "निगरगट्ट? हे बघ," म्हणत त्यांनी लाजाळूला हळूच बोट लावलं. गिरणीच्या दणदणाटातही पानं झटकन मिटली.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. मग त्या जवळ आल्या, काकांच्या खांद्याला बोट लावलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, चला ना."

काकांनी मुकाट्याने गिरणी बंद केली.