शालिकभाऊंचा ठोका

मंडळी, आज सकाळी गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठी माइक घेऊन बसलो होतो. पाणी आणि पाखरं यांचे आवाज जोडून एक छोटी फाइल करायची होती.

तिथेच लॅपटॉप उघडला. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं. वरच्या बारीक रेषा पाखरांच्या, खालचा धूसर पट्टा पाण्याचा. पण दर दोन-तीन सेकंदांनी मध्येच एक जाड उभी रेघ येत होती. ठक. ठक. कोणीतरी काहीतरी आपटत होतं. मी त्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या. फाइल एकदम स्वच्छ झाली.

तेवढ्यात शालिकभाऊ डोंगा काठाला लावून वर आले. त्यांचं गाव धरणात गेलं, शेती गेली, तेव्हापासून ते मासे धरतात. मी मोठ्या हौसेनं हेडफोन त्यांना लावून दिला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "पाखरं आहेत, पाणीबी आहे. पण मी कुठी आहो?"

"तुम्ही?"

"सकाळपासून डोंग्यावर काठी ठोकून राहिलो ना भाऊ. ठोकल्याबिगर मासोळी जाळ्याकडे येत नाही."

मी पुसलेले ठोके परत आणले. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि मान डोलावली. हेडफोन परत देताना म्हणाले, "गाव तं पाण्यात गेलंच. मले तं ठेव."

फाइल आता ठोक्यांसकट ठेवली आहे.

गोंगाट समजून तुम्ही शेवटचं कोणाला पुसलं होतं?