हेमांगिनी नव्हे, सगुणा

"ए पोरी, हात नको लावू. वैशूचा हाय तो."

पाटलांच्या ओसरीवर एक शालू घडी करून ठेवला होता. जांभळा, जरीच्या काठांचा, घड्यांवर विरलेला. मी खाली पायरीवर बसले होते. नुसतं बोट पुढं केलं होतं. वैशालीची आई आतल्या दारातून ओरडली आणि मी हात मागं घेतला.

शालू वैशालीचा नव्हताच. सगुणाआत्याचा होता. सगुणाआत्या म्हणजे माझ्या बापाची सख्खी आत्या. ती तिथंच, माझ्या शेजारी बसली होती. तिनं सगळं ऐकलं. माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. समोर उभ्या असलेल्या वैशालीला म्हणाली, "मान आधी नको वळवू. डोळं आधी. मान मागनं."

बस. एवढंच.

मी तेव्हा नववीत होते. नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमचं गाव घोडेगावहून शिनोलीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला. त्या वर्षी हायस्कूलच्या गॅदरिंगमध्ये एक नाटक बसवायचं ठरलं. कुठल्याशा पेपरात जुन्या नट्यांवर लेख आला होता. त्यात 'हेमांगिनी' नावाच्या नटीचा फोटो होता आणि ती आंबेगाव तालुक्यातली, असं लिहिलं होतं. आमच्या सरांनी तेवढं वाचून नाटक लिहून काढलं.

ही हेमांगिनी म्हणजेच आमची सगुणाआत्या.

ती जन्मली आमच्या गावच्या महारवाड्यात. तिची आई जुन्नरला मोळ्या विकायला जायची. तिथं नाटक कंपनीचा तंबू लागला की सगुणा कनातीच्या बाहेर बसून पदं ऐकायची. आत जायची सोय नव्हती. ऐकून ऐकून गळ्यात बसली पदं. पुढं मुंबईला भावाकडं गेली. भाऊ गिरणीत होता. चाळीतल्या एका पेटीवाल्यानं तिचा आवाज ऐकला आणि तिला एका कंपनीच्या मालकाकडं नेलं. मालकानं गाणं ऐकलं, चालायला लावलं, आणि म्हणाला, "आजपासून तू हेमांगिनी. गाव विचारलं तर पुणं सांग. जात विचारली तर गप्प बस."

ती गप्प बसली. गप्प बसून गात राहिली. लोक पुढच्या खुर्च्यांसाठी भांडायचे म्हणे. मग बोलपट आले. तीन-चार बोलपटांत ती राणी झाली, राणीची बहीण झाली. मग एके दिवशी आमच्याच भागातला एक माणूस स्टुडिओत बैल घेऊन आला. कुठल्याशा प्रसंगात बैलगाडी हवी होती. त्यानं तिला बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आरं, ही तर आमच्या म्हारवाड्यातली सगी!"

दुसऱ्या दिवशी रंगवणाऱ्यानं तिच्या तोंडाला हात लावला नाही. तिनं स्वतःच रंग लावला, स्वतःच कुंकू रेखलं आणि उभी राहिली. कॅमेरा तिच्याकडं वळलाच नाही. त्या महिन्यात ती गावी आली ती कायमची. लोकांच्या बांधावर गवत कापलं. छप्पन्नला सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली. जयंतीला बुद्धविहारासमोर उभी राहून गायची, तेव्हा म्हाताऱ्या बायासुद्धा हातातलं काम टाकून यायच्या.

मी लहानपणापासून तिच्यामागं लागले होते. आत्या, मला शिकव. आत्या, चालून दाखव. ती म्हणायची, "अभ्यास कर. नर्स व्हय." एकदासुद्धा दाखवलं नाही तिनं.

आणि आता वैशालीला दाखवत होती.

सरांनी वर्गात कामं वाटली तेव्हा मी हात वर केला होता. म्हटलं, "सर, ती माझी आत्या हाय. मला तिचं काम द्या."

सर हसले. "अगं, नटीला जरा रूप लागतं, घराणं दिसावं लागतं. ते पाटलांची वैशाली करील. तू मोलकरणीचं कर. तुला शोभेल."

वर्ग हसला. माझ्याच घरातली राणी. आणि तिच्या चपला उचलायला मी.

वैशालीला शिकवायला सरांनी आत्यालाच पाटलांच्या घरी बोलावलं. वैशाली वाईट मुलगी नव्हती. डबा वाटून खायची. पण मी तिच्यावर जळायचे. तिच्या गोऱ्या हातांवर जळायचे. तिच्या सायकलवर जळायचे. तिला अभिनय येत नव्हता आणि तरी सगळं मिळत होतं, त्यावर तर रक्त आटेपर्यंत जळायचे. ती पाठ केलेलं बोलायची, पोपटासारखी. मी पायरीवर बसून तेच मनात बोलायचे. आत्याचा हात उठला की माझा हात आपोआप उठायचा. आत्या ते बघायची. बघून नजर फिरवायची.

तालीम संपली की चहा यायचा. वैशालीला कपात. आम्हाला ओसरीच्या कोनाड्यातले काचेचे ग्लास. पिऊन झालं की आत्या स्वतः उठायची, दोन्ही ग्लास विसळायची आणि कोनाड्यात पालथे घालायची. कुणी सांगावं लागायचं नाही. लोकांनी जिला बघायला भांडणं केली, ती बाई पाटलांच्या अंगणात ग्लास विसळत होती.

घरी येताना मी विचारलं, "आत्या, का जातीस तिथं? शालू पण दिऊन टाकला. मला हात लावू दिला नाय, तवा गप का बसलीस?"

ती चालता चालता म्हणाली, "मला ते परत एकदा बघायचं व्हतं. कुणाच्या अंगावर का हुईना."

"माझ्या अंगावर का नाय?"

तिनं पावलं भरभर उचलली.

गॅदरिंगच्या दिवशी मैदानात मांडव घातला होता. कारखान्यावरून पाहुणे आले होते. आत्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. शाल दिली, नारळ दिला. सरांनी माईकवर ओळख करून दिली, "तालेवार शेतकरी घराण्यातली ही कन्या..." मी पडद्यामागून आत्याकडं बघितलं. ती मांडीवरच्या नारळाकडं बघत होती.

नाटकातही तेच होतं. तालेवार घराणं, कडक वडील, कलेसाठी घर सोडणारी मुलगी. महारवाडा नाही. कनात नाही. बैलवाला नाही. शेवटच्या प्रवेशात मी वाकून वैशालीच्या पायाशी चपला ठेवायच्या होत्या आणि म्हणायचं होतं, "बाईसाहेब, गाडी आली." तालमीत सर ओरडायचे, "अजून वाक! मोलकरीण आहेस!"

मी चपला घेऊन स्टेजवर गेले. वैशालीनं जांभळ्या शालूतून पाय पुढं केला. मी वाकले नाही. चपला हातात धरूनच लोकांकडं तोंड केलं.

"ह्या बाईचं खरं नाव सगुणा हाय. ती तालेवाराची नाय. आमच्या म्हारवाड्यात जल्मली. जात कळली म्हणून तिला सिनेमातनं हाकललं. ती हितंच बसलीया. तिलाच इचारा."

सगळा मांडव आत्याकडं वळला.

ती हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत शाबासकी असेल. नव्हती. तिच्या डोळ्यांत होतं ते मला बरोब्बर ओळखू आलं, कारण तेच घेऊन मी पाटलांच्या पायरीवर बसत होते.

पडदा पडला. सरांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी बापाला शाळेत बोलावलं. बाप साखर कारखान्यात वेल्डर होता, पाळी बुडवून आला. सर म्हणाले, "तुमच्या मुलीनं पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू घालवली."

बापानं विचारलं, "खोटं काय बोलली, तेवढं सांगा."

उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस वैशालीला मिळालं.

आत्या बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदा दुपारी चुलीपुढं बसली होती, मी भाकरी थापत होते. एकदम म्हणाली, "तू विचारलं व्हतंस ना, तुझ्या अंगावर का नाय?"

माझा हात थांबला.

"तुला शिकवलं असतं तर तू उभी राह्यली असतीस. आपल्या नावानं. आपल्या वाडीच्या नावानं. मला तसं नाय उभं राहता आलं. ते मला बघवलं नसतं. वैशीनं केलं तर काय, ती खोटीच व्हती. म्हणून बघवलं."

आयुष्यात कुणी माझ्याशी एवढं खरं बोललं नव्हतं. मी रडले नाही. भाकरी तव्यावर टाकली. ती उठली, भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बघ आता. डोळं आधी."

त्या दिवसापासून तिनं मला शिकवलं. ती गेली तोवर शिकवत होती. चुकलं की काठीनं पायावर मारायची. चांगलं झालं की तिचं तोंड उतरायचं. तेवढ्यावरून मला कळायचं, की जमलंय.

ती जाऊन आता काही वर्षं झाली. मी नर्स झाले. ड्यूटी सांभाळून वस्त्यांवर पथनाट्यं करते. वैशाली लग्न होऊन पुण्याला गेली. तिथं ती 'हेमांगिनी' नावाचा एकपात्री प्रयोग करते. महिला मंडळांत, हॉलमध्ये. जुन्नरला झाला, मंचरला झाला. पेपरात फोटो येतो. मी तो बघते आणि जळते. अजून तशीच.

मागच्या महिन्यात ती गाडी घेऊन वाडीत आली. आत्याचे जुने फोटो हवे होते. घरात बसली, कपातून चहा प्याली, गोड बोलली. निघताना म्हणाली, "पुढच्या प्रयोगाला तूही ये ना. दोन शब्द बोल. फक्त ते जातीचं नको काढूस हं. सगळ्यांचा मूड जातो."

मी म्हटलं, "फोटो मिळणार नाय, वैशाली. आणि मूड जाऊ दे."

ती गेली. मी दार लावलं आणि उभी राहिले. तिच्याजवळ हॉल आहे, लाइट आहेत, भारी साड्या आहेत. मला त्या सगळ्याचा हेवा वाटतो. वाटू दे. जे आमचं आहे ते दुसऱ्याच्या अंगावर बघून ज्याला जळायला होत नाही, तो मेलेला माणूस.

येत्या रविवारी शिनोलीत, रस्त्याच्या कडेला, दिवसाढवळ्या मी उभी राहणार आहे. मग बोरीला. मग पारगावला, कारखान्याच्या दारात, ऊसतोडीच्या खोपटांसमोर. जिथं जिथं वैशाली हेमांगिनी करील, तिथं तिथं तिच्या मागोमाग जाऊन मी सगुणा करीन. महारवाड्यापासून सुरू करीन. एक अक्षर गाळणार नाही.

हे काम माझं आहे. ते मी आता दुसऱ्या कुणाला देणार नाही.