बाई आली, ९.१०

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५. कडाक्याची थंडी. हीटर दोन तास. बाई आली, ९.१०. आंघोळ, गुडघ्याला तेल. शेजारचं मांजर, बिस्किट, दिवसभर आपल्याच पायरीवर.

विभावरीबाईंची डायरी शाळेत असल्यापासून एक दिवसही चुकलेली नव्हती. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली सवय. पुणं सुटलं, यजमान गेले, न्यूझीलंडला माउंट रॉस्किलमध्ये एका घरामागच्या दोन खोल्यांत एकटं राहणं आलं, तरी ती सुटली नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आंघोळ घालायला एजन्सीकडून मधुवंती यायची. सांगलीची, इथे शिकायला आलेली आणि इथेच राहिलेली. बुधवारी पाठ चोळता चोळता ती म्हणाली, “काकू, माझी कंप्लेंट झालीय. जुलैत चार दिवस मी आलेच नाही म्हणे.”

“अगं, आली तर होतीस!”

“पोचले की फोनवर नोंद करावी लागते. तुमच्या या मागच्या घरात सिग्नल कुठे लागतो? आता काढतील मला. तुम्ही रोज लिहिता ना?”

“लिहिते म्हणजे? मिनिटासकट लिहिते.” कितीतरी दिवसांत कुणाला त्यांची गरज पडली नव्हती. “बोलाव त्यांना. दाखवते मी.”

गुरुवारी एजन्सीची कोऑर्डिनेटर आली. विभावरीबाईंचा मुलगा यतीन अर्ध्या दिवसाची रजा टाकून शहराच्या दुसऱ्या टोकाहून, फ्लॅट बुशहून आला. मधुवंती दाराशीच उभी राहिली. “किया ओरा,” असा माओरी नमस्कार कोऑर्डिनेटरने सगळ्यांना केला. त्यापुढचं सगळं फक्त यतीनला. यतीनने डायरीतली त्या चारही दिवसांची पानं वाचून दाखवली.

“बाई? हू इज बाई?”

“म्हणजे... द लेडी. कामाला येते ती.”

“इथे आमच्या तिघी जणी येतात. यातली कोणती?”

विभावरीबाईंनी वही ओढून घेतली. पानं उलटत जूनपर्यंत मागे गेल्या. बाई आली. बाई उशिरा. बाई आली. बिस्किटच्या पायाला लागलं तेव्हा त्याच्या नावानिशी पाच ओळी होत्या. मधुवंतीचं नाव एकदाही नव्हतं.

“इट वॉज मधुवंती,” त्या आपल्या जुन्या, स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. “ऑल फोर डेज. आय अॅम टेलिंग यू.”

कोऑर्डिनेटर गोड हसली आणि यतीनकडे वळून हळूच विचारती झाली, “आईंची मेमरी कशी आहे?”

“फाइन,” यतीन म्हणाला. “मोस्टली.”

ती दोघं अंगणात बोलत असताना विभावरीबाई मधुवंतीला म्हणाल्या, “चुकलंच गं माझं. नाव लिहायला काय झालं होतं मला!”

“जाऊ द्या काकू. आमच्या घरी आईसुद्धा कामवालीला ‘बाई’च म्हणते.” ती बूट चढवत होती. “तुमच्या नावात बाई मागून लागते, मी नुसतीच बाई. एवढाच काय तो फरक.” हे ती हसत म्हणाली, पण नेहमीसारखं “उद्या येते” म्हणाली नाही.

सगळे गेल्यावर विभावरीबाईंनी पेन काढलं. जुलैच्या पानावर ‘बाई’च्या पुढे नाव मावेल एवढी जागा होती. शाईही तीच. पण झाल्या दिवसाचं पान मागून बदलायचं नाही, असं सिस्टर सांगायच्या. आणि आता नाव घालून ते दाखवायचं कुणाला? चहा निवला. त्यांनी टोपण लावलं.

शुक्रवारी नवाच्या आधीच त्या गरम पाणी लावून बाथरूममधल्या खुर्चीवर बसल्या. साडेनऊ झाले. दहाला एजन्सीचा फोन आला, तोही यतीनला. त्याने मग आईला कळवलं. मधुवंतीला काढलं होतं. सोमवारपासून दुसरी कुणीतरी येणार होती.

“नाव काय तिचं?” विभावरीबाईंनी विचारलं.

“ते नाही सांगितलं, आई.”

संध्याकाळी त्यांनी लिहिलं:

शुक्रवार, १५ ऑगस्ट. मधुवंती आली नाही. आंघोळ नाही. टॉवेल कोरडाच होता, घडी करून कपाटात ठेवला.