नलूचं मशीन आणि आमचं वाळवण

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. दारात उभं राहायची सवय असली की ते आपोआप जमतात, ओट्यावर चपला जमतात तसे. माझं निम्मं आयुष्य दारात गेलं आणि उरलेलं कुंपणापाशी. त्यातलेच हे काही. प्रत्येकात शहाणं कोण, ते शोधावं लागेल. वेडं कोण, ते लगेच कळेल.

*

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. एप्रिल महिना. तलासरीला बहिणीकडे जाऊन मी परत डहाणूला निघाले होते. हायवेवर बसची वाट बघत उभी, आणि माझ्यापुढे शेजारच्या राऊतांच्या नलूची मावशी. ती तलासरीलाच असते. कोणा मैत्रिणीशी बोलत होती. तिने मला पाहिलं नव्हतं, आणि मीही दिसू दिलं नाही.

"अगं, त्या मुंबईच्या मशीनने नलूला परत पाठवलं," मावशी म्हणाली. "आणि आता ती म्हणते..."

तेवढ्यात वापीची बस आली. "चालो, बेसी जाव," कंडक्टर ओरडला. दोघी चढल्या आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग गुजरातेत गेला.

डहाणू येईपर्यंत तो मी स्वतःच पुरा केला. आणि आता ती म्हणते, मी शिक्षण सोडते. दुसरं काय म्हणणार?

बिचारी नलू! मुंबईला हॉस्टेलात राहून गणिताची डिग्री करत होती. वर्गात म्हणे कॉम्प्युटर नावाचं काहीतरी शिकवत होते. मी बसमधून उतरले ती थेट तिच्या वडिलांकडे गेले. आप्पा वाडीतले चिकू खोक्यांत भरत होते.

"आप्पा, मनाला लावून घेऊ नका," मी म्हटलं. "मशीनला काय कळतं माणसाचं?"

आप्पांनी हातातला चिकू खाली ठेवला. "कुठल्या मशीनला?"

नलूने घरी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

*

नलू सुट्टीला आली ती सामान ठेवून सरळ आमच्या कुंपणाशी.

"काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही गं. अर्धं ऐकलं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते मी घातलं."

मग तिने खरं काय ते सांगितलं. शेवटच्या वर्षाला एक खास विषय होता, कॉम्प्युटरचा. जागा मोजून सहा. सरांनी अट घातली होती, की ज्याचं त्याने मशीनला एक काम लिहून द्यायचं. मशीनने ते नीट केलं तर जागा मिळणार. नलूचं पहिल्या खेपेला चुकलं. मशीनला काम द्यायचं ते कार्डांवर भोकं पाडून; एका कार्डावर एक भोक भलत्या ठिकाणी पडलं होतं, तेवढ्यावर मशीनने सगळं परत दिलं. आता कॉलेज उघडेल त्या दिवशी सकाळी नऊला आणखी एक पाळी. शेवटची.

"मग एवढं काय? एक पाळी आहे ना," मी म्हटलं.

"आहे. पण आप्पा म्हणतात, जमलं तर शेवटचं वर्ष मुंबईला. नाही जमलं तर मुंबई पुरे. कालपर्यंत असं काही म्हणत नव्हते."

मी कुंपणावरची वाळकी पानं खुडत राहिले. एरवी मला ती कधी दिसत नाहीत.

*

प्रायश्चित्त म्हणून मी तिला तयारीत मदत करायचं ठरवलं. सातवी शिकलेली बाई कसली मदत करणार? पण नलू म्हणाली, करू शकता. मशीन अगदी मठ्ठ असतं, त्याला एकेक पायरी सांगावी लागते, तसं सांगायची मला सवय करायची आहे. तुम्ही मला पिठलं शिकवा, मी मशीन होते.

मला एवढंच हवं होतं. मी पाटावर बसून हुकूम सोडू लागले. तेल घाल. मोहरी घाल. पाणी घाल. "अंदाजाने" म्हटलं की नलू हात थांबवून नुसती उभी राहायची. शेवटी म्हटलं, "पीठ सोड आणि ढवळत राहा."

तेवढ्यात रस्त्यावर कोणाचं तरी भांडण जुंपलं. मी बघायला गेले. भांडण चांगलं होतं, वेळ लागला. परत आले तर नलू ढवळतेच आहे. पिठल्यात डाव उभा राहील अशी अवस्था, आणि खालून करपल्याचा वास.

"अगं, थांबायचं नाही का?"

"तुम्ही थांब म्हणालाच नाहीत, काकू. मशीनची अशीच वाट लागते."

संध्याकाळी आमच्या ह्यांनी ते पिठलं सुरीने कापून खाल्लं. हे डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क. आलेला माल तक्रार न करता उतरवून घ्यायची सवय.

*

नलूच्या मशीनला काम काय, तर आमच्या खाडीची भरती कुठल्या दिवशी किती वाजता येईल ते काढायचं. तिने वहीत चार पानं आकडेमोड केली होती. त्याच वेळी धाकट्या डहाणूची हिराबाई मासळीची टोपली घेऊन दारात आली.

मी म्हटलं, "हिराबाई, आज भरती किती वाजता?"

"आज पंचमी. तिथीची पाऊणपट करायची. पावणेचारला." टोपली खाली ठेवायच्या आत उत्तर.

नलूने वहीत बघितलं. तिचं उत्तर आलं होतं चार वाजायला दहा कमी.

"तुझ्या मशीनला किती वेळ लागतो गं?" हिराबाईने विचारलं.

"एक मिनिट."

"मला तेवढाही लागत नाही," हिराबाई म्हणाली. "शिवाय मी मांदेली पण देते."

*

आता माझा पराक्रम.

नलूने मुंबईहून सगळं काम जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून आणलं होतं. एकूण एकशे एक्याऐंशी कार्डं, एका डब्यात. ती रोज एकेक काढून वहीशी ताडून बघायची. एक दिवस म्हणाली, "काकू, खाडीच्या हवेने कार्डं सादळली. अशी मऊ कार्डं मशीनमध्ये अडकतात."

सादळलेल्या वस्तूचं काय करायचं, हे मला शिकवायला नको. दुसऱ्या दिवशी नलू आईबरोबर बाजारात गेली. मे अखेरचं ऊन, माझं वाळवण घातलेलंच होतं. पापड एका खाटेवर, हिराबाईची मांदेली दुसऱ्या खाटेवर. मांदेली मी थोडी सरकवली आणि डब्यातली कार्डं तिथे पसरली.

दुपारपर्यंत कार्डं पापडासारखी खडखडीत! मी ती गोळा केली. प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापलेला असतो. सगळे कापलेले कोपरे एका बाजूला येतील अशी एकावर एक लावली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि डबा नलूच्या हातात ठेवला.

"बघ. आणलीस तेव्हा तरी इतकी नीट होती का?"

नलूने वरची चार कार्डं बघितली. मग मधली. मग ती ओट्यावर बसली.

"काकू, ही ओळीने होती. पहिल्यानंतर दुसरं, दुसऱ्यानंतर तिसरं. ओळ चुकली की सगळंच चुकलं."

"मग नंबर नाही का घालायचे?"

"उद्या घालणार होते."

आणि परवा पहाटेच्या गाडीने तिला मुंबईला निघायचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी राऊतांच्या ओट्यावर सगळे बसलो. नलू वहीतून एकेक ओळ वाचणार. कार्डाच्या वरच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती बघून आमचे हे ते कार्ड शोधणार. आप्पा ते ओळीने लावणार. मला हात लावायची बंदी होती. म्हणून मी बाजूला उभी राहून सूचना देत होते.

आप्पा पहिल्या तासाला नुसती कार्डं लावत होते. दुसऱ्या तासाला म्हणाले, "नलू, हे एवढं सगळं तू एकटीने लिहिलंस?"

"हो, आप्पा."

"हं," आप्पा म्हणाले, आणि पुढचं कार्ड जरा जपून ठेवलं.

दुपारी एकशे ऐंशी कार्डं लागली. एक कमी. शेवटचंच.

खाटेखाली बघितलं, पापडांच्या डब्यात बघितलं, मांदेलीत बघितलं. मुंबईला नवीन करता येत होतं, पण भोकं पाडायची खोली उघडते अकराला, आणि पाळी नऊची. नलूचा चेहरा उतरला. मी सगळ्यांना कुठे बघायचं ते सांगत होते, आणि उकाडा इतका, की सारखी वारा घेत होते.

"अगं," हे शांतपणे म्हणाले, "तू वारा कशाने घेतेस?"

सकाळपासून माझ्या हातात होतं ते.

नलूने कार्ड घेतलं, वाचलं आणि हसायलाच लागली.

"कुठलं गं?" आप्पांनी विचारलं.

"मशीनला थांब सांगतं, ते."

"मग बरोबर आहे," हे म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या हातात असतं तर तो केव्हाच थांबला असता."

मग ह्यांनी खिशातली पेन्सिल काढली. सगळी कार्डं दाबून धरून गठ्ठ्याच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ मारली. पार्सल ऑफिसात पावत्यांच्या गठ्ठ्यावर मारतात तशी. "आता शंभरदा सांडली तरी रेघ जुळवली की झालं."

नलू म्हणाली, कॉलेजात हे कोणी सांगितलं नव्हतं. आमचे हे आठवडाभर स्टेशनावर ताठ चालत होते.

*

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. आप्पांनी ते मला वाचायला आणून दिलं. नाहीतरी पोस्टमनच्या हातात असताना मी निम्मं वाचलंच होतं.

मशीन चाललं होतं. भरतीची वेळ बरोबर निघाली होती. नलूला जागा मिळाली होती, सहावी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मशीन चालवणारे गृहस्थ वसईकडचे आहेत. गठ्ठा हातात घेतल्यावर त्यांनी वास घेतला आणि विचारलं, बोंबील का? मी म्हटलं, नाही, मांदेली."

आप्पांनी पोस्टकार्ड घडी न घालता खिशात ठेवलं आणि चिकूचं एक खोकं आमच्या ओट्यावर ठेवून गेले.

*

पावसाळ्यात पुन्हा तलासरीला गेले. हायवेवर नेमकी नलूची मावशी भेटली. या वेळी मी दिसू दिलं.

"मावशी, एप्रिलमध्ये इथे तुम्ही मैत्रिणीला काहीतरी सांगत होता. नलूला मशीनने परत पाठवलं, आणि आता ती म्हणते... पुढे काय?"

मावशी जरा घुटमळली. "राहू दे ना, वहिनी."

"सांगा हो. तीन महिने झाले."

"ती म्हणत होती, सुट्टीत डहाणूला जात नाही, तुझ्याकडेच राहते. तिथे शेजारच्या काकू अभ्यास करू देत नाहीत."

घरी आल्या आल्या मी ह्यांना सांगितलं. "बघा, लोक कसं काहीही बोलतात. निम्मंच खरं निघालं."

ह्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

"कुठलं निम्मं?"